बाहेरची डिस्क सगळ्यांना कशी उघडेल? लिनक्सवरच्या परवानग्यांची प्रश्नोत्तरं

या वेळच्या बऱ्याच पत्रांतली तक्रार एकच आहे: लिनक्सवर बाहेरची हार्ड डिस्क एकाला उघडते, दुसऱ्याला उघडत नाही. म्हणून हे सदर त्याच विषयाला दिलं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. गटांची आणि फोल्डरांची नावंही इंग्रजी अक्षरांतच ठेवा.

प्रश्न (दादर): घरी एकच संगणक, त्यावर उबुंटू. माझं, पत्नीचं आणि मुलीचं अशी तीन खाती आहेत. २ टेराबाइटच्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर घरातले सगळे फोटो आहेत. मी डिस्क लावली की मला दिसते. युजर बदलून मुलगी बसली की 'परमिशन डिनाइड'. सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून सीएचमॉड (परवानग्या बदलण्याची आज्ञा) ७७७ दिलं. त्रुटी आली नाही आणि फरकही पडला नाही.

उत्तर: ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, इथे चालणारच नव्हतं, आणि चाललं असतं तरी द्यायला नको होतं. तुमचं अडलंय दोन ठिकाणी, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलं ठिकाण म्हणजे डिस्ककडे जाणारी वाट. डिस्क लावल्यावर यूडिस्क्स नावाची सेवा ती /मीडिया/ च्या आत, तुमच्या खात्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये जोडते (फेडोरावर हेच /रन/मीडिया/ च्या आत होतं). टर्मिनलमध्ये 'एलएस -एलडी /मीडिया/' आणि पुढे तुमच्या खात्याचं नाव टाकून बघा. ओळीच्या सुरुवातीला परवानग्यांची अक्षरं येतात. त्यांच्या शेवटी तीन आडव्या रेघा दिसतील आणि त्यांना चिकटून एक अधिक चिन्ह. तीन रेघा म्हणजे इतरांना काहीही परवानगी नाही. अधिक चिन्ह म्हणजे या फोल्डरला एसीएलची, म्हणजे कुणाला काय परवानगी याची, जादा यादी लावलेली आहे. 'गेटएफएसीएल' ने ती उघडली तर तिच्यात फक्त तुमचं नाव सापडेल. ही रचना मुद्दाम केलेली आहे. एकाच संगणकावर दोघं लॉग-इन असतील, तर एकाने लावलेला पेनड्राइव्ह दुसऱ्याला दिसू नये, हा तिचा हेतू. म्हणजे मुलगी डिस्कपर्यंत पोचलेलीच नाही, ती दारातच अडली आहे.

दुसरं ठिकाण डिस्कच्या आत आहे. एक्सफॅटमध्ये फाइलचं नाव, आकार, तारखा आणि 'फक्त वाचा' अशा मोजक्या खुणा नोंदल्या जातात. फाइलचा मालक कोण आणि गट कोणता, हे लिहायला तिथे जागाच नाही. त्यामुळे डिस्क जोडताना लिनक्स एक मालक ठरवतो आणि सगळ्या फाइली त्याच्याच आहेत असं दाखवतो. यूडिस्क्स तो मालक म्हणून तुम्हाला धरते. सीएचमॉडने मागितलेला बदल नोंदवायला जागा नसल्यामुळे तो गपचूप सोडून दिला जातो. सीएचओन (मालक बदलण्याची आज्ञा) दिलं असतं तर निदान 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असं उत्तर तरी मिळालं असतं. एक्सफॅट, फॅट३२ अशा डिस्कवर मालकी आणि परवानग्या डिस्क जोडतानाच सांगाव्या लागतात, नंतर बदलता येत नाहीत.

आता करायचं काय ते. आधी घरच्यांचा एक गट करा: 'सुडो ग्रुपॲड घर'. मग प्रत्येकाला त्यात घाला: 'सुडो यूजरमॉड -एजी घर' आणि पुढे खात्याचं नाव. यात ए लहान आणि जी मोठा. तो लहान ए विसरू नका. तो नसेल तर माणूस फक्त 'घर' गटात उरतो आणि बाकीच्या सगळ्या जादा गटांतून बाहेर पडतो. तुमच्याच खात्यावर ही चूक झाली तर सुडोचा गटही जातो, आणि तो परत मिळवायला संगणक रिकव्हरी मोडमध्ये सुरू करावा लागतो. गटात घातल्यावर प्रत्येकाने पूर्ण लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करायचं, कारण गटांची यादी लॉग-इनच्या वेळीच वाचली जाते. 'आयडी' ही आज्ञा दिली की आपण कोणकोणत्या गटांत आहोत ते दिसतं.

'गेटएंट ग्रुप घर' दिल्यावर गटाचा क्रमांक कळतो. तो १००४ आहे असं धरू. 'एलएसबीएलके -एफ' ने डिस्कचा यूयूआयडी (तिची स्वतःची ओळखखूण) बघा. एक्सफॅटचा यूयूआयडी छोटा असतो, चार अक्षरं, रेघ, चार अक्षरं, आणि त्यातली मोठी अक्षरं मोठीच उतरवायची. एसडीबी१ सारख्या नावावर विसंबू नका. दुसरा पेनड्राइव्ह आधी लागला की तेच नाव त्याला जातं. 'सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/घर' ने जोडायची जागा तयार करा. /ईटीसी/एफएसटॅब या फाइलची (कोणती डिस्क कुठे जोडायची ते तिच्यात लिहितात) एक प्रत काढून ठेवा आणि मूळ फाइलच्या शेवटी ही एक सलग ओळ लिहा (सुरुवातीचं 'यूयूआयडी' मोठ्या अक्षरांत):

यूयूआयडी=६४ए५-एफ००९ /एमएनटी/घर एक्सफॅट नोऑटो,नोफेल,यूआयडी=१०००,जीआयडी=१००४,डीमास्क=०००७,एफमास्क=०११७,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=६० ० ०

मास्कमध्ये काढून घ्यायच्या परवानग्या लिहितात, द्यायच्या नव्हे. डीमास्क ०००७ म्हणजे फोल्डर मालकाला आणि गटाला पूर्ण मोकळे, बाकीच्यांना बंद. एफमास्क ०११७ म्हणजे फाइली मालक आणि गट दोघांना वाचता-लिहिता येतात, पण प्रोग्रॅम म्हणून चालत नाहीत. फोटोंना ते लागतही नाही. १००० हा उबुंटूवर पहिल्या खात्याचा क्रमांक असतो, तरी 'आयडी' मध्ये तो पडताळून घ्या. ऑटोमाउंटमुळे कुणीही /एमएनटी/घर उघडलं की डिस्क आपोआप जोडली जाते. आयडल-टाइमआउटमुळे साठ सेकंद कुणी हात लावला नाही की ती आपोआप सुटते, म्हणजे घरच्यांना काढताना सुडो लागत नाही. फक्त ते फोल्डर कुठे उघडं राहिलेलं नसावं.

स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. या ओळीत रकाने जागेने तोडले जातात, त्यामुळे एका जादा जागेने पुढचा सगळा मजकूर सरकतो. ओळ जतन करून 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा. चूक असेल तर ती ओळीसह दाखवते. ती दुरुस्त झाल्यावर डिस्क फाइल मॅनेजरमधून इजेक्ट करून संगणक एकदा रीस्टार्ट करा. मुलीच्या खात्यातून /एमएनटी/घर मध्ये एक फाइल तयार करून पत्नीच्या खात्यातून ती पुसून बघा. दोन्ही जमलं तर काम झालं.

प्रश्न (गिरगाव): आमच्या वाचनालयात जुन्या अंकांचं स्कॅनिंग चालू आहे. ४ टेराबाइटची डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे आणि चार कार्यकर्ते आळीपाळीने काम करतात. गट केला, डिस्कच्या फोल्डरला तो गट दिला, तरी एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही. रोज कुणीतरी सुडो मागतं.

उत्तर: कार्यकर्त्यांना सुडो वाटू नका. हे काम त्याशिवाय नीट होतं.

ईएक्सटी४ वर प्रत्येक फाइलपाशी मालकाचा आणि गटाचा क्रमांक प्रत्यक्ष लिहिलेला असतो. म्हणून वरच्या उत्तरातलं यूआयडी, जीआयडी, डीमास्क काहीही इथे चालत नाही. एफएसटॅबमध्ये ते घातलंत तर डिस्क जोडलीच जाणार नाही. इथे परवानग्या डिस्कवरच द्यायच्या.

आधी एक नेहमीची चूक तपासा. गट कधी दिला होता? डिस्क जोडण्याआधी /एमएनटी/अंक या रिकाम्या फोल्डरला दिला असेल, तर तो संगणकातल्या त्या फोल्डरला लागला. डिस्क जोडली की ते फोल्डर झाकलं जातं आणि वर डिस्कचं स्वतःचं मुख्य फोल्डर दिसतं, जे फॉरमॅट केल्यापासून रूटचंच (प्रशासक खात्याचंच) आहे. म्हणून आधी डिस्क जोडा, 'फाइंडएमएनटी /एमएनटी/अंक' ने ती खरंच जोडली आहे याची खात्री करा, आणि मग 'सुडो सीएचजीआरपी -आर वाचनालय /एमएनटी/अंक' द्या (आर मोठा).

पुढे 'सुडो फाइंड /एमएनटी/अंक -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७५ {} +'. यातला सुरुवातीचा २ महत्त्वाचा आहे. त्याला सेटजीआयडी म्हणतात. तो लागलेल्या फोल्डरमध्ये नवी फाइल कुणीही बनवली तरी तिचा गट 'वाचनालय' होतो, बनवणाऱ्याचा खाजगी गट होत नाही. आत नवं फोल्डर केलं तर त्यालाही हा २ आपोआप लागतो.

इतकं करूनही तुमची मूळ तक्रार उरेल. गट बरोबर लागला, पण युमास्क (नव्या फाइलवरून काढून घ्यायच्या परवानग्या) साधारणपणे ०२२ असतो, म्हणून नव्या फाइलवर गटाला फक्त वाचण्याची परवानगी मिळते. त्यावर उपाय म्हणजे एसीएल, तोही दोन आज्ञांत. पहिली 'सुडो सेटएफएसीएल -आर -एम जी:वाचनालय:आरडब्ल्यूएक्स /एमएनटी/अंक', दुसरी तीच, फक्त -एम च्या आधी -डी घालून. दोन्हींत -आर मधला आर मोठा, आणि शेवटच्या परवानगीतला एक्सही मोठा. मोठा एक्स फोल्डरांना प्रवेशाची परवानगी देतो, पण साध्या फाइलींना प्रोग्रॅम बनवत नाही. लहान एक्स दिलात तर हजारो स्कॅन 'चालवण्याजोगे' होऊन बसतील. पहिली आज्ञा असलेल्या फाइलींसाठी, दुसरी पुढे येणाऱ्यांसाठी.

आता नेमकी ती खाच, जिच्यात सगळं बरोबर करूनही माणूस अडकतो. स्कॅनरच्या प्रोग्रॅमने थेट डिस्कवर बनवलेली फाइल सगळ्यांना उघडेल. पण कुणी आपल्या होम फोल्डरमधून सीपी ने (कॉपी करून) फाइल आणली तर ती पुन्हा 'फक्त वाचा' होऊ शकते. त्या फाइलवर 'गेटएफएसीएल' चालवा. 'ग्रुप:वाचनालय' च्या ओळीत आरडब्ल्यूएक्स दिसेल, पण त्याच ओळीच्या उजव्या टोकाला '#इफेक्टिव्ह:आर--' असं असेल. सीपी नवी फाइल बनवताना मूळ फाइलची परवानगी सोबत नेतं. ती ६४४ असेल तर एसीएलचा मास्क 'फक्त वाचा' एवढाच ठरतो, आणि गटाला कागदोपत्री मिळालेली लिहिण्याची परवानगी मास्क कापतो. एमव्ही ने (हलवून) आणलेल्या फाइलीचं याहून वाईट: ती मूळ मालक, गट आणि परवानगी सगळं घेऊन येते.

यावर साधा उपाय म्हणजे गठ्ठ्याने फाइली आणल्या की वरची सीएचजीआरपी आणि पहिली सेटएफएसीएल आज्ञा पुन्हा चालवणं. त्याने मास्क नव्याने काढला जातो. दर वेळी लक्षात राहणार नसेल तर रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीत) या दोन्ही रोज संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या आधीच्या वेळेला टाका.

दुसऱ्याच्या फाइली चुकून पुसल्या जाण्याची भीती असेल तर २७७५ ऐवजी ३७७५ द्या. त्यातला जादा १ म्हणजे स्टिकी बिट: फाइल दुरुस्त सगळ्यांना करता येते, पुसता किंवा तिचं नाव बदलता फक्त तिच्या मालकाला आणि फोल्डरच्या मालकाला येतं. मात्र सेटजीआयडीसारखा हा बिट नव्या फोल्डरांत आपोआप उतरत नाही, तो पुन्हा द्यावा लागतो. आणि काही प्रोग्रॅम जतन करताना नवी फाइल बनवून जुनीच्या जागी ठेवतात. तिथे स्टिकी बिट असला तर दुसऱ्याच्या फाइलवर 'सेव्ह' अडतं. तुमच्या कामात दुरुस्त्या फार असतील तर २७७५ वरच थांबा आणि रोजचा बॅकअप घ्या.

दोन संगणकांवर हीच डिस्क फिरत असेल तर आणखी एक. डिस्कवर नावं लिहिली जात नाहीत, क्रमांक लिहिले जातात. एका संगणकावरचा १००१ दुसऱ्यावर भलताच कुणी असू शकतो. दोन्हीकडे 'सुडो ग्रुपॲड -जी १५०० वाचनालय' असा एकाच क्रमांकाचा गट करा (इथे जी लहान), म्हणजे मालक वेगळे दिसले तरी गटाची परवानगी दोन्हीकडे चालेल.

जाता जाता: ईएक्सटी४ फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूटसाठी राखली जाते. ४ टेराबाइटवर ती साधारण २०० गिगाबाइट होते. फक्त स्कॅन ठेवायच्या डिस्कवर तिची गरज नाही. 'सुडो ट्यून२एफएस -एम ०' आणि पुढे डिस्कच्या भागाचं नाव दिलं की ती मोकळी होते, आतल्या फाइलींना धक्का लागत नाही.

प्रश्न (मुलुंड): एनटीएफएस डिस्क मित्राच्या विंडोजवर वापरली. परत आणल्यावर लिनक्सवर वाचता येते, पण लिहिता येत नाही.

उत्तर: हा परवानग्यांचा प्रश्नच नाही, त्यामुळे सीएचमॉडच्या वाटेला जाऊ नका. विंडोजवर 'सेफली रिमूव्ह' न करता डिस्क ओढली, किंवा फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन करून काढली, की तिच्यावर 'काम अर्धवट' अशी खूण राहते. अशा डिस्कवर लिहिलं तर आतली नोंदवही बिघडू शकते, म्हणून एनटीएफएस-३जी हा लिनक्सवरचा ड्रायव्हर ती केवळ वाचायला देतो. कर्नलमधला एनटीएफएस३ हा नवा ड्रायव्हर (कर्नल ५.१५ पासून) तर बहुतेक वेळा ती जोडायलाच नकार देतो. इंटरनेटवर 'फोर्स' हा पर्याय सुचवलेला दिसेल. त्याने तुमचेच फोटो पणाला लागतात. डिस्क पुन्हा विंडोजला लावा, 'सीएचकेडीएसके' आणि डिस्कचं अक्षर, पुढे '/एफ' द्या, आणि मग सेफली रिमूव्ह करूनच काढा. विंडोज हाताशी नसेल तर 'एनटीएफएसफिक्स -डी' ती खूण पुसते, पण आतली दुरुस्ती ते फारच थोडी करतं. आधी महत्त्वाच्या फाइली वाचून दुसरीकडे उतरवा.

प्रश्न (बोरिवली): सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावर एफएसटॅबमध्ये डिस्कची ओळ घातली. चिटणिसांनी डिस्क घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड' आलं.

उत्तर: ओळीत 'नोफेल' राहिलं. ते नसेल तर लिनक्स त्या डिस्कला संगणक सुरू होण्याची अट समजतो, दीड मिनिट वाट बघतो आणि मग थांबतो. डिस्क परत आणून लावा आणि संगणक पुन्हा सुरू करा; तो नेहमीसारखा चालू होईल. उबुंटूवर इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड मागितला जातो किंवा रूट खातं बंद असल्याचं सांगितलं जातं. त्यात वेळ घालवण्यापेक्षा हा मार्ग सोपा. चालू झाल्यावर ओळीत 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०' घाला, मग 'सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' द्या.

प्रश्न (अंधेरी): फाइल मॅनेजरमध्ये डिस्क उघडते, फाइल दिसते, पण व्हीएलसी म्हणतो फाइल उघडता येत नाही.

उत्तर: तुमचा व्हीएलसी स्नॅपचा (उबुंटूच्या बंदिस्त पॅकेजचा) असणार. स्नॅपचे प्रोग्रॅम कुंपणाच्या आत चालतात आणि बाहेरच्या डिस्कची परवानगी त्यांना वेगळी द्यावी लागते: 'सुडो स्नॅप कनेक्ट व्हीएलसी:रिमूव्हेबल-मीडिया'. ही परवानगी /मीडिया, /रन/मीडिया आणि /एमएनटी एवढ्याच ठिकाणांना लागू होते. डिस्क /एसआरव्ही किंवा /डेटा मध्ये जोडली असेल तर ती पुरत नाही. वरच्या उत्तरांत /एमएनटी निवडलं त्याचं हेही कारण आहे. फ्लॅटपॅकचा (अशाच दुसऱ्या पॅकेज पद्धतीचा) प्रोग्रॅम असेल तर त्याच्या परवानग्या बदलणारं फ्लॅटसील उघडून त्याच्या 'फाइलसिस्टम' भागात डिस्कच्या फोल्डरचा पत्ता घाला.

प्रश्न (परळ): ऑफिसची डिस्क आम्ही दोघं लोकलने नेतो-आणतो. ईएक्सटी४ वर ७७० परवानगी दिली आहे. हरवली तर आतलं सुरक्षित राहील ना?

उत्तर: नाही. ती परवानगी फक्त तुमचा लिनक्स पाळतो. डिस्क ज्याच्या हाती पडेल तो आपल्या संगणकाचा रूट असतो आणि रूटला ७७० अडवत नाही. प्रवास करणारी डिस्क लक्स या लिनक्सच्या पद्धतीने कूटबद्धच (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) करायला हवी. आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवा, कारण यात डिस्क कोरी होते. मग उबुंटूच्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममध्ये फॉरमॅट करताना ईएक्सटी४ निवडा आणि खालचा पासवर्ड-संरक्षणाचा पर्याय टिचकवा.

दोघांना एकच पासवर्ड लागतो असं नाही. लक्स२ मध्ये ३२ पर्यंत किल्ल्यांना जागा असते. 'सुडो क्रिप्टसेटअप लक्सॲडकी' आणि पुढे डिस्कच्या भागाचं नाव दिलंत की आधीचा पासवर्ड विचारला जातो आणि नवा जोडला जातो ('ॲड' चा ए आणि 'की' चा के मोठे). एकाने काम सोडलं तर त्याचीच किल्ली 'लक्सरिमूव्हकी' ने काढता येते ('रिमूव्ह' चा आर आणि 'की' चा के मोठे). डिस्क उघडल्यावर आतले गट आणि सेटजीआयडी गिरगावच्या उत्तराप्रमाणे द्या.

या किल्ल्या डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असतात. लक्स२ मध्ये तो सहसा १६ मेबीबाइटचा असतो. तो बिघडला तर पासवर्ड आठवत असूनही काही उघडत नाही. 'सुडो क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप' ('हेडर' चा एच आणि 'बॅकअप' चा बी मोठे), मग डिस्कच्या भागाचं नाव, मग '--हेडर-बॅकअप-फाइल' आणि फाइलचं नाव, अशी त्याची प्रत काढा. ती त्याच डिस्कवर ठेवू नका. पासवर्ड बदलला किंवा किल्ली काढली तर नवी प्रत काढून जुनी नष्ट करा, कारण जुन्या प्रतीत काढलेली किल्लीही जिवंत असते.